पोटनिवडणूक, जॉर्जिया १७९२: वेन, जॅक्सन आणि दोघांनाही न मिळालेली जागा

दप्तरदार

अमेरिकेच्या राज्यघटनेत प्रतिनिधिगृहाच्या पोटनिवडणुकीबद्दल फक्त एक वाक्य आहे: कलम १, विभाग २, परिच्छेद ४. एखाद्या राज्याच्या प्रतिनिधित्वात जागा रिकामी झाली की त्या राज्याच्या कार्यकारी प्रमुखाने ती भरण्यासाठी निवडणुकीचे रिट, म्हणजे लेखी हुकूम, काढावेत. एवढेच. किती दिवसांत काढायचे, जागा रिकामी झाली हे ठरवायचे कोणी, गव्हर्नरला कळवायचे कोणी, यांतले काहीच लिहिलेले नाही. पहिल्या दहा-बारा वर्षांत जे खटके उडाले, ते बहुतेक या न लिहिलेल्या गोष्टींवरून.

त्यातले सर्वांत बोलके प्रकरण मला जॉर्जियाचे वाटते, म्हणून हा धागा.

पहिल्या काँग्रेसमध्ये जॉर्जियाच्या किनारपट्टीकडच्या मतदारसंघातून जेम्स जॅक्सन निवडून आला होता. दुसऱ्या काँग्रेससाठी जानेवारी १७९१ मध्ये मतदान झाले, तेव्हा त्याच्यासमोर अँथनी वेन उभा राहिला. वेन मूळचा पेन्सिल्व्हेनियाचा, क्रांतियुद्धातला नावाजलेला सेनापती. जॉर्जियाने त्याला युद्धातल्या कामगिरीबद्दल सव्हानाजवळ भातशेतीची जमीन दिली होती. जुलै १७८२ मध्ये ब्रिटिशांनी सव्हाना सोडले, तेव्हा शहराचा ताबा घेण्याचा मान याच वेनने याच जॅक्सनला दिला होता. नऊ वर्षांनी दोघे एकाच जागेसाठी समोरासमोर आले.

निकालात वेन विजयी ठरला आणि गव्हर्नरचे प्रमाणपत्र घेऊन फिलाडेल्फियात, म्हणजे तेव्हा काँग्रेस भरे तिथे, जागेवर बसला. जॅक्सनने प्रतिनिधिगृहाकडे अर्ज केला. त्याचा मुख्य रोख वेनवर नव्हता. तो होता वेनची निवडणूक चालवणारा वकील टॉमस गिबन्स याच्यावर, आणि दोन काउंट्यांवर (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग): एफिंगहॅम आणि कॅमडेन. कॅमडेनचा आरोप सर्वांत गंभीर होता. तिथले खरे निकालपत्र दाबून त्याच्या जागी वेगळे निकालपत्र पुढे पाठवले गेले, आणि हे करणारा होता न्यायाधीश हेन्री ऑस्बर्न. जॉर्जियाच्या विधिमंडळाने ऑस्बर्नवर महाभियोग चालवून त्याला दोषी ठरवले. त्यामुळे फिलाडेल्फियात पुरावा उघडला गेला तेव्हा निकालपत्रातल्या गडबडीबद्दल फारसा वाद उरला नव्हता.

मार्च १७९२ मध्ये सभागृहाने दोन वेगळे प्रश्न मताला टाकले.

पहिला: वेनचा या जागेवर हक्क आहे का? उत्तर एकमताने 'नाही'.

दुसरा: मग जॅक्सनला बसवायचे का? इथे २९ विरुद्ध २९ अशी बरोबरी झाली. सभापती जोनाथन ट्रंबुल यांनी निर्णायक मत विरोधात टाकले. २१ मार्च १७९२ रोजी जागा रिकामी जाहीर झाली आणि ते जॉर्जियाच्या गव्हर्नरला कळवण्यात आले. तिथून पोटनिवडणूक. तीत जॉन मिलेज निवडून आला आणि २२ नोव्हेंबर १७९२ रोजी सभागृहात दाखल झाला.

निवडणूक रद्द होणे आणि हरलेला उमेदवार विजयी ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक अमेरिकेत इतक्या लवकर इतका स्वच्छ मांडला गेला, हे मला या प्रकरणातले खरे महत्त्वाचे वाटते. या फटीतूनच पोटनिवडणूक जन्माला येते.

गोदातीर

उत्तम विषय. एक तांत्रिक प्रश्न. निकालपत्र 'बदलता' येणे इतके सोपे कसे? मतपेटी, सील, प्रतिनिधी असे काही नव्हते का?

दप्तरदार

@गोदातीर, कागदाचा प्रवास डोळ्यासमोर आणला की कळते.

मतदान काउंटीच्या ठिकाणी, स्थानिक दंडाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली. मोजणीही तिथेच आणि तेच करणार. मग काउंटीचा आकडा एका कागदावर लिहून, सह्या करून, गव्हर्नरकडे धाडायचा. तेव्हा जॉर्जियाची राजधानी ऑगस्टा. कॅमडेन काउंटी राज्याच्या पार दक्षिण टोकाला, सेंट मेरीज नदीवर, पलीकडे स्पॅनिश फ्लोरिडा. तिथून ऑगस्टा सरळ रेषेतच सुमारे ३०० किलोमीटर. मधे दलदल, नद्या आणि तुरळक वस्ती.

म्हणजे मतदारसंघाचा एकत्रित आकडा पहिल्यांदा दिसतो तो ऑगस्टात, गव्हर्नरच्या टेबलावर. प्रत्येक काउंटीतून एकेक कागद आलेला. गव्हर्नरसमोर मतपत्रे नाहीत, मतदारांची यादीही नाही. त्याने कागदांवरच्या आकड्यांची बेरीज करायची आणि जास्त मते ज्याला त्याला प्रमाणपत्र द्यायचे. मधल्या वाटेवर ज्याच्या हाती तो कागद आहे तो माणूस प्रामाणिक असेल, या गृहीतकावर सगळी इमारत उभी. न्यायाधीशच जेव्हा तो माणूस असतो तेव्हा अडवणार कोण?

तळटीप

दप्तरदारांच्या माहितीला एक जोड. जॉर्जियाच्या राज्यघटनेनुसार मतदान चिठ्ठीने होत असे. १७७७ च्या घटनेत तर मत न देणाऱ्याला ५ पौंडांपर्यंत दंडाची तरतूद होती, सबळ कारण दाखवले तर माफी. त्याच काळात व्हर्जिनियात तोंडी मतदान चाले. मतदार कचेरीत शेरिफसमोर उभा राहून मोठ्याने नाव सांगणार, कारकून त्या उमेदवाराच्या रकान्यात मतदाराचे नाव लिहिणार.

वाद निघाला की या दोन पद्धतींचे परिणाम अगदी उलटे होतात.

तोंडी मतदानात यादीच पुरावा असते. अमुक माणसाकडे पात्रतेइतकी जमीन नव्हती हे सिद्ध झाले, तर त्याचे मत कोणाच्या रकान्यात आहे ते समोर दिसते. तेवढे एक खोडायचे आणि पुन्हा बेरीज करायची. व्हर्जिनियात पात्रता होती ५० एकर पडीक जमीन, किंवा २५ एकर आणि त्यावर किमान १२ फूट लांब-रुंद घर. त्यामुळे तिथले वाद एकेका मतदाराच्या जमिनीच्या कागदावर येत. किचकट काम, पण शेवटी आकडा निघतो.

चिठ्ठीच्या पद्धतीत हे होत नाही. समजा ३० अपात्र माणसांनी चिठ्ठ्या टाकल्या. त्या कोणाच्या नावाच्या होत्या? एकदा पेटीत मिसळल्या की मिसळल्या. ३० मते बाद आहेत एवढे कळते, ती कोणाच्या खात्यातून वजा करायची ते कळत नाही. विजयाचे अंतर ३० पेक्षा कमी असेल तर खरा विजेता कोण हे कोणालाच सांगता येणार नाही. अशा ठिकाणी पुन्हा मतदान हाच प्रामाणिक मार्ग उरतो.

माझ्या मते ट्रंबुल यांचे मत योग्य होते.

मृदगंध

तळटीप, मांडणी पटते, निष्कर्ष पटत नाही. तुम्ही सांगितलेली अडचण बाद मते चांगल्या मतांत मिसळल्यावर येते. कॅमडेनमध्ये अख्खे निकालपत्रच बनावट होते. तिथे चिठ्ठ्या वेगळ्या करायच्याच नाहीत. खोटा कागद बाजूला ठेवायचा आणि खरा आकडा घ्यायचा. जॅक्सनने स्वतः काही गैर केल्याचा आरोप नव्हता. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच पुन्हा मतदारांपुढे जायला सांगणे म्हणजे गैरप्रकार करणाऱ्या बाजूला दुसरी संधी देणे.

२९ सदस्यांना हेच वाटले असणार, आणि ते थोडे नव्हेत.

तळटीप

कॅमडेनपुरते तुमचे म्हणणे मान्य. पण आक्षेप एफिंगहॅमवरही होता. तिथे तक्रार मतदान कसे चालवले गेले याबद्दल होती, एका कागदाबद्दल नव्हे. एक काउंटी दुरुस्त करता येते, दुसरी येत नाही. मग मतदारसंघाची बेरीज कशाच्या आधारे करणार?

आणखी एक गोष्ट त्या पिढीच्या आठवणीत ताजी होती. १७६९ मध्ये लंडनजवळच्या मिडलसेक्समध्ये जॉन विल्क्सला १,१४३ मते पडली होती आणि त्याच्याविरुद्ध उभ्या असलेल्या लट्रेलला २९६. हाउस ऑफ कॉमन्सने विल्क्सला अपात्र धरून थेट लट्रेलला बसवले. अमेरिकन वसाहतींत यावर संताप उसळला. साउथ कॅरोलायनाच्या विधानसभेने विल्क्सच्या समर्थकांच्या निधीला १,५०० पौंड दिले, आणि त्यावरून तिथला गव्हर्नर व विधानसभा यांच्यात काही वर्षे भांडण चालले. सभागृहाने आपल्या अधिकारात दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला बसवणे म्हणजे काय, हे त्या लोकांना चांगले ठाऊक होते. जॅक्सनचा दावा लट्रेलपेक्षा कितीतरी भक्कम, हे खरे. तरी सभागृहाने जागा देणे आणि मतदारांनी जागा देणे यांत शंका असेल तिथे दुसरा मार्ग धरावा, असे मला ठामपणे वाटते.

सायली_प

छान चर्चा. भारताशी तुलना थोडक्यात मांडते, कारण नेमका हाच प्रश्न आपल्या कायद्यातही आहे.

आपल्याकडे निवडणुकीचा वाद सभागृह ठरवत नाही, उच्च न्यायालय ठरवते. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम ८४ नुसार याचिकाकर्ता दोन गोष्टी मागू शकतो: विजयी उमेदवाराची निवड रद्द करा, आणि शिवाय मला किंवा दुसऱ्या उमेदवाराला निवडून आल्याचे घोषित करा. दुसरी मागणी कलम १०१ च्या अटींत बसली तरच मान्य होते. एक तर त्याला प्रत्यक्षात वैध मतांचे बहुमत मिळालेले असावे, किंवा विजयी उमेदवाराने भ्रष्ट मार्गाने मिळवलेली मते वगळल्यास याला बहुमत मिळाले असते हे दाखवता यावे. यातले काहीच सिद्ध झाले नाही तर निवड फक्त रद्द होते आणि पोटनिवडणूक लागते. मृदगंध आणि तळटीप यांचा वाद म्हणजे कलम १०१ चाच वाद.

मुदतीचा मुद्दाही आहे. कलम १५१अ प्रमाणे जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक व्हायला हवी. उरलेला कार्यकाळ एक वर्षापेक्षा कमी असेल, किंवा निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी सल्लामसलत करून अडचण प्रमाणित केली, तर सूट. हे कलम १९९६ मध्ये आले. पुण्याची लोकसभेची जागा मार्च २०२३ मध्ये गिरीश बापट यांच्या निधनाने रिकामी झाली, तेव्हा भांडण याच कलमावर होते. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पोटनिवडणूक घ्यायला सांगितले, जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. १७९२ च्या अमेरिकेत अशी मुदतच नव्हती.

दप्तरदार

सायलीताई, कलम १०१ चा दुवा अगदी अचूक. मुदत नसल्याने काय होते त्याचे उदाहरण जॉर्जियाच्याही आधीचे आहे.

थिओडोरिक ब्लँड, व्हर्जिनियाचा सदस्य, १ जून १७९० रोजी न्यूयॉर्कमध्ये वारला. प्रतिनिधिगृहाचा पदावर असताना मृत्यू पावलेला हा पहिला सदस्य. त्याच्या जागी विल्यम ब्रँच जाइल्स निवडून आला आणि ७ डिसेंबर १७९० रोजी दाखल झाला, तोवर काँग्रेस फिलाडेल्फियाला हललेली. म्हणजे सहा महिन्यांहून जास्त काळ जागा रिकामी.

आणि ते सहा महिने कोणते? जुलै १७९० मध्ये राजधानी पोटोमॅक नदीकाठी नेण्याचा ठराव प्रतिनिधिगृहात ३२ विरुद्ध २९ ने मंजूर झाला. त्याच महिन्याच्या शेवटी राज्यांची युद्धकर्जे केंद्राने उचलण्याचा प्रस्ताव ३४ विरुद्ध २८ ने. अशी चुरस असताना व्हर्जिनियाचे एक मत गायब. ब्लँड कर्जे उचलण्याच्या बाजूचा होता, व्हर्जिनियाच्या शिष्टमंडळात ते वेगळे मत होते. त्याच्या जागी आलेला जाइल्स पुढे अर्थमंत्री हॅमिल्टनचा, म्हणजे कर्जे उचलण्याच्या योजनेच्या कर्त्याचा, कट्टर विरोधक ठरला. रिकाम्या जागेवर कोण येणार यावर धोरणही पालटते, हे अगदी पहिल्याच पोटनिवडणुकीत दिसले.

पाणचक्की

जाइल्सने थोडी घाई केली असती तर जुलैच्या मतदानाला पोचला नसता का?

दप्तरदार

पायऱ्या मोजून बघा, @पाणचक्की. मृत्यूची बातमी न्यूयॉर्कहून रिचमंडला गव्हर्नरकडे जायची, घोड्यावरच्या टपालाने. गव्हर्नरने रिट काढायचे, ते मतदारसंघातल्या प्रत्येक काउंटीच्या शेरिफकडे वेगवेगळे पोचायचे. शेरिफने लोकांना आगाऊ सूचना द्यायची, कारण मतदार शेतांवर विखुरलेले. मतदान प्रत्येक काउंटीच्या कचेरीत. त्यानंतर सर्व काउंट्यांच्या शेरिफांनी एकत्र येऊन याद्या जुळवायच्या, मगच विजेता जाहीर. मग विजेत्याने सामान बांधून निघायचे. जूनच्या पहिल्या तारखेला सुरुवात करून जुलैअखेर हे सगळे उरकणे फार कठीण. उन्हाळ्यातले अधिवेशन संपले की पुढचे थेट डिसेंबरात.

सगळ्यांत जास्त वेळ खातो तो टप्पा मतदानाचा नव्हे, कागद पोचवण्याचा.

मृदगंध

न्यू इंग्लंडमध्ये तर आणखी एक भर. तिथल्या बऱ्याच राज्यांत सर्वाधिक मते पुरत नसत, एकूण मतांच्या निम्म्याहून जास्त लागत. समजा १,००० मतांत ४८०, ४०० आणि १२० अशी वाटणी झाली, तर कोणीच निवडून आले नाही. पुन्हा मतदान, बहुधा तेच उमेदवार घेऊन. मॅसेच्युसेट्सच्या पश्चिम भागात थिओडोर सेजविक १७८९ मध्ये पाचव्या फेरीत निवडून आला. ती नियमित निवडणूक होती, पण तिथल्या पोटनिवडणुकांनाही हाच नियम. रिकामी जागा महिनोन्‌महिने रिकामीच राहण्याची ही हमखास वाट.

गोदातीर

एक शंका. मृत्यू आणि रद्द निवडणूक समजले. राजीनाम्याचे काय? तो कोणाला द्यायचा?

तळटीप

घटनेत तेही नाही, आणि तो वादही दुसऱ्याच काँग्रेसमध्ये आला. मेरीलँडमधून विल्यम पिंकनी निवडून आला होता, पण तो मतदारसंघाबाहेर राहतो असा आक्षेप होता. त्याने जागा सोडली. गव्हर्नरने निवडणूक घेतली, जॉन फ्रान्सिस मर्सर निवडून आला. सभागृहात प्रश्न निघाला की प्रतिनिधीला राजीनामा देता येतो तरी का? ब्रिटिश कॉमन्समध्ये सदस्याला सरळ राजीनामा देता येत नाही. तिथे राजाच्या नावापुरत्या एखाद्या पदावर नेमणूक घ्यायची आणि त्या कारणाने जागा गमवायची, ही पळवाट. अमेरिकेत तशी सोय नव्हती. शेवटी मर्सरची निवड ग्राह्य धरली गेली आणि फेब्रुवारी १७९२ मध्ये तो बसला. स्वेच्छेने सोडलेली जागाही घटनेच्या अर्थाने 'रिकामी' होते, हे तिथून रुळले.

सायली_प

सिनेटची वाट वेगळी होती ना? तिथे लोक मतच देत नव्हते.

दप्तरदार

हो. १९१३ च्या सतराव्या दुरुस्तीपर्यंत सिनेटर विधिमंडळे निवडत. विधिमंडळ भरलेले नसताना जागा रिकामी झाली तर गव्हर्नर तात्पुरती नेमणूक करी, ती विधिमंडळाच्या पुढच्या बैठकीपर्यंत. व्हर्जिनियाचे विल्यम ग्रेसन १२ मार्च १७९० ला वारले, तेव्हा गव्हर्नरने जॉन वॉकर यांना नेमले. नोव्हेंबरमध्ये विधिमंडळाने जेम्स मन्रो यांना निवडले, वॉकर बाजूला झाले. हे पाठ्यपुस्तकातले सरळ उदाहरण.

चूक कुठे होते ते डेलावेअरमध्ये दिसले. जॉर्ज रीड यांनी सप्टेंबर १७९३ मध्ये राजीनामा दिला. विधिमंडळ त्यानंतर भरले, पण जागा भरली नाही. मग मार्च १७९४ मध्ये गव्हर्नरने केन्सी जॉन्स यांना नेमले. सिनेटने त्यांना बसू दिले नाही. मधे विधिमंडळाची बैठक होऊन गेली म्हणजे गव्हर्नरचा तात्पुरता अधिकार संपला, असा अर्थ लावला गेला. प्रतिनिधिगृहात असा मधला मार्ग कधीच नव्हता, आजही नाही. तिथे यायचे तर निवडून यावे लागते.

विदर्भी

वेनबद्दल एक मुद्दा. जागा गेल्यावर लगेच एप्रिल १७९२ मध्ये वॉशिंग्टन यांनी त्याला सैन्याचा प्रमुख नेमले. सैन्य वाढवण्याचा कायदा मार्चच्या सुरुवातीला झाला, तेव्हा वेन सभागृहात बसलेला होता. कलम १, विभाग ६ प्रमाणे सदस्याला त्याच्या कार्यकाळात निर्माण झालेल्या पदावर नेमता येत नाही. मग ही नेमणूक घटनाबाह्य नव्हती का?

तळटीप

विदर्भी, तो विभाग पुन्हा वाचा. त्यात दोन वेगळ्या मनाया आहेत. पहिली, कार्यकाळात निर्माण झालेल्या किंवा पगार वाढवलेल्या पदावर नेमणूक नको. पण तिथे शब्द आहे 'मुलकी पद'. लष्करी पद त्यात येत नाही. दुसरी, संघराज्याचे कोणतेही पद धारण करणारा सभागृहाचा सदस्य राहू शकत नाही. ही लष्कराला लागू होते. म्हणून वेन सदस्य असता तर सेनापतिपद घेताना त्याला जागा सोडावी लागली असती, आणि पोटनिवडणूक तरीही झाली असती.

नोव्हेंबर १७९१ मध्ये वायव्य सीमेवर सेंट क्लेअरच्या फौजेचा दारुण पराभव झाला होता, म्हणून नवा सेनापती हवाच होता. वेनने ऑगस्ट १७९४ मध्ये फॉलन टिंबर्सची लढाई जिंकली.

पाणचक्की

आणि मिलेज? त्याला किती दिवस मिळाले? कार्यकाळ तर मार्चमध्ये संपत होता.

दप्तरदार

२२ नोव्हेंबर १७९२ ते ३ मार्च १७९३. साडेतीन महिन्यांपेक्षाही कमी. मार्चमध्ये जागा रिकामी झाली, पण अधिवेशन ८ मेला संपून पुन्हा ५ नोव्हेंबरलाच भरले. त्यामुळे गव्हर्नर एडवर्ड टेलफेअर यांना उन्हाळा मोकळा मिळाला आणि प्रत्यक्षात चुकलेले कामकाज दिसते त्याहून कमी. तरी वसंतातल्या शेवटच्या सहा-सात आठवड्यांत जॉर्जियाचे तीनपैकी दोनच प्रतिनिधी होते, आणि त्याच आठवड्यांत जागावाटपाचा कायदा झाला.

तो कायदा १४ एप्रिल १७९२ चा. दर ३३,००० लोकसंख्येमागे एक प्रतिनिधी. १७९० च्या जनगणनेत जॉर्जियाची लोकसंख्या ८२,५४८, त्यांत २९,२६४ गुलाम. गुलामांना तीन पंचमांश धरून हिशेबाचा आकडा ७१ हजारांच्या आत येतो. ३३,००० ने भागले की दोन जागा, उरलेले सोडून द्यायचे. म्हणजे तीनवरून दोन. शिवाय पुढच्या वेळी त्या दोन जागा मतदारसंघ न पाडता सगळ्या राज्याने मिळून निवडल्या. ज्या मतदारसंघासाठी एवढा खटला चालला, तो मिलेज बसला तेव्हाच नकाशावरून जाण्याच्या बेतात होता.

मृदगंध

आणि जॅक्सन?

दप्तरदार

४ मार्च १७९३ पासून सिनेटमध्ये. १७९५ मध्ये याझू जमीन घोटाळ्याविरुद्ध (लाच घेऊन राज्याची पश्चिमेकडची जमीन कंपन्यांना स्वस्तात विकली, तो) लढण्यासाठी त्याने ती जागा सोडून दिली आणि जॉर्जियाच्या विधिमंडळात परतला. १७९८ मध्ये गव्हर्नर झाला. त्याच वर्षी काँग्रेसने निवडणूक वादांत साक्षी-पुरावे कसे नोंदवायचे याचा पहिला कायदा केला. मिलेज त्या याझू लढ्यात जॅक्सनच्याच बाजूचा, पुढे तोही गव्हर्नर. मिलेजव्हिल हे शहर त्याच्या नावाचे, आणि जॉर्जिया विद्यापीठासाठी अथेन्सची ६३३ एकर जमीनही त्यानेच दिलेली.